आई-बाबांना ॲलर्जी असेल, तर मुलालाही होणारच का?

आठ महिन्यांच्या बाळाच्या गालांवर लाल, खरबरीत चट्टे उठतात. बाळ रात्रभर खाजवत राहतं, रडतं. घरातलं कुणी म्हणतं, "आजोबांना दमा होता ना, त्यांचंच आलंय." कुणी सुनेकडे बघून म्हणतं, "पोटात असताना हिने शेंगदाणे फार खाल्ले." मग कुणीतरी लॅबचं पॅकेज सुचवतं. एकदा रक्त दिलं की पन्नास-साठ पदार्थांची ॲलर्जी तपासून मिळते. रिपोर्टमध्ये दूध, गहू, अंडं, शेंगदाणा यांच्यापुढे लाल खुणा असतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाटीतून हे सगळं गायब होतं.

या एका प्रसंगात तीन समजुती दडल्या आहेत. ॲलर्जी वारशाने येते, आईच्या खाण्यामुळे येते आणि रिपोर्टमध्ये दिसली म्हणजे ती आहेच. यातली पहिली अर्धी खरी आहे. दुसरीला पुरावा मिळालेला नाही. आणि तिसरीमुळे वाढत्या वयातल्या मुलांचं विनाकारण नुकसान होतं.

आधी हे बघू, ॲलर्जी म्हणजे काय?

मराठीत यासाठी 'वावडं' हा जुना शब्द आहे. पण रोजच्या बोलण्यात आपण अंगावर पित्त उठलं, सर्दी मोडत नाही, बाळदमा आहे असं वेगवेगळं म्हणतो. त्यामुळे हे सगळे एकाच कुळातले असू शकतात हे लक्षात येत नाही. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तयार केला.

होतं असं की, शरीराची संरक्षण यंत्रणा परागकण, धूळ किंवा अंड्यातलं प्रथिन अशा निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतड्यातल्या काही विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात. तीच गोष्ट पुन्हा शरीरात आली की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर टाकतात. मग शिंका, खाज, गांधी, धाप, उलटी, जे काही व्हायचं ते सुरू होतं. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगत असेल, तर ती बहुतेक वेळा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. ती ॲलर्जी नव्हे.

मुलांमध्ये ॲलर्जीचा एक ठरावीक प्रवास डॉक्टरांना वारंवार दिसतो. पहिल्या वर्षात इसब, त्याच सुमारास एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, शाळेच्या वयात दमा आणि सतत वाहणारं नाक. प्रत्येक मूल या वाटेने शेवटपर्यंत जातं असं नाही. पण सुरुवात बऱ्याचदा त्वचेपासून होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

वारसा कशाचा मिळतो?

आई-वडिलांपैकी कुणालाही ॲलर्जी नसली, तरी मुलाला ती होण्याची शक्यता साधारण ५ ते १५ टक्के असते. एकाला असेल तर २० ते ४० टक्के आणि दोघांनाही असेल तर ४० ते ६० टक्के किंवा त्याहूनही जास्त. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. दोघांना ॲलर्जी असूनही कित्येक मुलं ठणठणीत राहतात आणि घराण्यात कुणालाच नसताना एखादं मूल बेजार होतं.

शिवाय ॲलर्जी जशीच्या तशी उतरत नाही. आईला धुळीने शिंका येतात आणि मुलाला अंडं चालत नाही, असं होऊ शकतं. वारशाने येतो तो कल.

हा कल किती जोरदार असू शकतो, हे जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली जुळी भावंडं तपासली गेली. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला ॲलर्जी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ६४ टक्के होतं. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांमध्ये ते फक्त ७ टक्के निघालं. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे. तरीही जनुकं तंतोतंत सारखी असताना तीनातल्या एका जोडीत दुसरं भावंड सुटतं, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

जनुकांपैकी सगळ्यात ठळक नाव फिलाग्रिनचं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना इसब होण्याचा धोका खूप वाढतो. फिलाग्रिन हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते कमी पडलं की त्वचा कौलं सरकलेल्या छपरासारखी होते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं नको ते आत झिरपतं. युरोपात साधारण दहातल्या एका माणसात या जनुकाची बिघडलेली प्रत सापडते, आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. म्हणूनच 'मुलाला ॲलर्जी होणार का' हे सांगणारी जनुकीय चाचणी आजही डॉक्टर करायला सांगत नाहीत.

आणखी एक साधा मुद्दा. माणसाची जनुकं पन्नास वर्षांत बदलत नाहीत. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत देशांमध्ये मुलांचा दमा आणि ॲलर्जी झपाट्याने वाढली. म्हणजे बदललं ते भोवतालचं.

रक्त एक, गोठे वेगळे

जनुकं आणि परिसर यांच्यात कुणाचं पारडं जड, हे तपासायचं तर एकाच रक्ताची माणसं दोन वेगळ्या परिस्थितीत ठेवून बघावी लागतील. असा प्रयोग माणसांवर करता येत नाही. पण अमेरिकेत तो इतिहासानेच करून ठेवला आहे.

आमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती शेतकरी समाज. दोघांचेही पूर्वज आल्प्सच्या परिसरातून अमेरिकेत गेले आणि जनुकीयदृष्ट्या ते एकमेकांच्या खूप जवळ आहेत. दोन्हीकडे कुटुंबं मोठी, खाणं सारखं, आया बाळांना भरपूर काळ अंगावर पाजतात, घरात टीव्ही नाही. फरक शेतीत. आमिश लोक आजही घोडे जुंपून शेती करतात, प्रत्येक घराच्या बाजूला गोठा असतो आणि पोरं लहानपणापासून गुरांमध्ये वावरतात. हटराइट लोकांची शेती सामायिक, यांत्रिक आणि वस्तीपासून लांब असते. लहान मुलं तिथे फारशी जात नाहीत.

आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांमध्ये २१ टक्के. रक्तात ॲलर्जीच्या खुणा सापडण्याचं प्रमाण ७ टक्के आणि ३३ टक्के. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या अंशांचं प्रमाण जवळपास सात पट होतं. मग ही धूळ प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नाकात सोडली. आमिश धुळीने उंदरांचा दम्यासारख्या त्रासापासून बचाव झाला, हटराइट धुळीने झाला नाही.

या विचाराची सुरुवात मात्र बरीच आधी, १९८९ मध्ये झाली होती. ब्रिटनचे डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांमुळे होणारी सर्दी कमी, असं त्यांना दिसलं. पाठोपाठ जर्मनीत एरिका फॉन म्युटिउस यांनी पूर्व आणि पश्चिमेची तुलना केली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या पूर्वेकडच्या लाइपझिगमध्ये ॲलर्जी जास्त असेल, असा त्यांचा अंदाज होता. तो उलटा ठरला. पूर्वेकडे खोकला आणि ब्राँकायटिस जास्त होता, पण दमा आणि ॲलर्जी स्वच्छ, संपन्न म्युनिकमध्ये जास्त निघाली. जर्मनीच्या एकीकरणानंतर काही वर्षांतच लाइपझिगच्या मुलांमध्ये परागकणांची सर्दी दुपटीहून अधिक झाली. राहणीमान पश्चिमेसारखं झालं, तसा आजारही तिकडचा आला.

हे सोशल मीडियावर 'मुलांना घाणीत खेळू द्या' असं फिरतं. तो अर्थ चुकीचा आहे. गटाराचं पाणी आणि न धुतलेले हात यांतून जुलाब, टायफॉइड आणि कावीळ मिळते, संरक्षण नाही. कच्च्या दुधाचंही तसंच. संशोधन बोलतंय ते माती, गुरं, झाडं, भावंडं यांच्यासोबत येणाऱ्या नाना प्रकारच्या सूक्ष्मजीवांबद्दल. बाळाची संरक्षण यंत्रणा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत यांच्याशी ओळख करून घेते आणि कुणावर चिडायचं नाही हे शिकते. सिझेरियन आणि लहानपणी वारंवार दिलेली अँटिबायोटिक्स यांचा ॲलर्जीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो तो यामुळेच असावा. पण सोबत दिसणं म्हणजे कारण असणं नव्हे. गरजेच्या सिझेरियनबद्दल कुठल्याही आईने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

शेंगदाण्याने सल्ला उलटा फिरवला

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की, ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. तर्क सरळ होता, जे बाधू शकतं ते लांब ठेवा. पालकांनी ऐकलं. तरीही शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच राहिली. २००८ मध्ये हा सल्ला मागे घेतला गेला.

त्याच वर्षी लंडनमधले गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. वंश जवळपास सारखा, पण शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के आणि इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयापासून 'बांबा' नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळतात. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षात शेंगदाणा जवळपास दिलाच जात नव्हता.

मग 'लीप' नावाची चाचणी झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे मुळातच जास्त धोक्यातली ६४० बाळं घेतली. वय ४ ते ११ महिने. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. निकाल २०१५ मध्ये आले. सुरुवातीला त्वचेच्या चाचणीत शेंगदाण्याला प्रतिसाद न देणाऱ्या मुलांपैकी, शेंगदाणा टाळलेल्यांत १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली आणि खाल्लेल्यांत १.९ टक्क्यांना. यातली बहुतेक मुलं मोठी होऊन तेरा वर्षांच्या आसपास आली तेव्हा पुन्हा तपासली. फरक टिकून होता, १५.४ टक्के आणि ४.४ टक्के.

असं का व्हावं? लॅक यांचं म्हणणं असं की, पदार्थाची शरीराशी पहिली ओळख कुठल्या दाराने होते यावर बरंच ठरतं. तोंडावाटे, पोटातून आला तर शरीर त्याला अन्न म्हणून स्वीकारायला शिकतं. फुटलेल्या, इसबाच्या त्वचेतून आला तर त्याला घुसखोर समजतं. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं इसबावर लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली होती, हे २००३ मध्येच समोर आलं होतं. जपानमध्ये तर गव्हाचं प्रथिन असलेला एक चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना, त्यातही बहुतेक स्त्रियांना, गव्हाची ॲलर्जी झाली. वर्षानुवर्षं पोळी-पावासारखं खात आलेला गहू त्यांना त्वचेतून बाधला. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला.

आपल्याकडे बाळाला तेल लावून डाळीच्या पिठाने चोळून आंघोळ घालतात. निरोगी त्वचेच्या बाळाबद्दल इथे बोलणं नाही. पण इसब असलेल्या, चिरा पडलेल्या त्वचेवर हरभऱ्याचं पीठ रगडणं वरच्या तर्कात कुठे बसतं, हे उघड आहे. अशा बाळाच्या इसबावर वेळेत आणि नीट उपचार करणं जास्त गरजेचं. मात्र निरोगी बाळाला रोज मॉइश्चरायझर लावलं की इसब होणारच नाही, ही आशा फोल ठरली आहे. ब्रिटनमध्ये सुमारे १४०० बाळांवर झालेल्या 'बीप' चाचणीत २०२० मध्ये तसा काहीच फायदा दिसला नाही.

घरातली हवा

गर्भारपणात आईने केलेलं किंवा घरातल्या इतरांनी केलेलं धूम्रपान बाळाच्या फुप्फुसांना बाधतं आणि छातीत घरघर, दमा यांचा धोका वाढवतं. इथे पुरावा भक्कम आहे. चुलीचा धूर, रस्त्यावरच्या वाहनांचा धूर, उदबत्ती हेही श्वासनलिकेला सुजवतात. डासांची कॉइल बंद खोलीत जाळली, तर तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके भरतात, असं २००३ मधल्या एका मोजणीत आढळलं होतं. मच्छरदाणी स्वस्त पडते.

मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत गाद्या, उशा, जुन्या चादरींमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. आपण ज्याला 'धुळीची ॲलर्जी' म्हणतो, ती बहुतेक वेळा या किड्यांच्या विष्ठेची असते. झुरळांचंही तसंच. कबुतरांमुळे होणारा फुप्फुसांचा आजार सध्या चर्चेत असतो, पण त्याची जातकुळी वेगळी, तो आयजीईचा खेळ नाही. आणि मोकळ्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत. ते भारतात पहिल्यांदा १९५० च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत ते आलं असं सांगितलं जातं, म्हणून त्याचं दुसरं नाव 'काँग्रेस गवत'. त्याच्या परागकणांनी सर्दी आणि स्पर्शाने त्वचारोग होतो.

भारतातला आकडा आणि तो लॅबचा रिपोर्ट

चीन, रशिया आणि भारतातल्या शाळकरी मुलांमधल्या अन्नाच्या ॲलर्जीची पाहणी युरोपीय संशोधकांसोबत झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. भारतात ही पाहणी कर्नाटकात, बेंगळुरू-म्हैसूर भागात झाली. हाँगकाँगमध्ये अन्नाची संभाव्य ॲलर्जी १.५ टक्के मुलांत होती, भारतात फक्त ०.१४ टक्के. म्हणजे हजारात एक-दोन मुलं.

पण याच पाहणीत भारतातल्या जवळपास पाचातल्या एका मुलाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. ही मुलं तो पदार्थ खात होती आणि त्यांना काही होत नव्हतं.

सुरुवातीच्या त्या लाल खुणांचा अर्थ इथे लागतो. रक्तात आयजीई असणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतलेली असणं. ॲलर्जी तेव्हाच म्हणतात, जेव्हा तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत खरोखर त्रास होतो. त्यामुळे आधी लक्षणं, मग संशय, मग त्याच पदार्थाची चाचणी, हा क्रम डॉक्टर पाळतात. लक्षणं नसताना साठ पदार्थांची यादी तपासली, तर भारतीय मुलांत लाल खुणा निघणार हे जवळपास ठरलेलंच. काही लॅब तर 'फूड इनटॉलरन्स'च्या नावाखाली आयजीजी हा वेगळाच प्रतिपिंड मोजतात. तो पदार्थ नेहमी खाल्ल्यानेही वाढतो. या चाचणीवरून ॲलर्जीचं निदान करू नये, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी स्पष्ट सांगितलं आहे.

नुकसान दुहेरी आहे. दूध, अंडं, गहू, डाळी एकदम बंद केल्या तर वजन आणि उंची मागे पडते. आणि न बाधणारा पदार्थ महिनोनमहिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडून, पुन्हा दिल्यावर खरीखुरी तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये.

भारतातला ०.१४ चा आकडा आपल्या रक्तात लिहिलेला आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात आशियाई मातांची मुलं तपासली, तेव्हा आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांपेक्षा ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या मुलांमध्ये शेंगदाणा आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी जास्त निघाली. या राज्याच्या राजधानीत, मेलबर्नमध्ये, एक वर्षाच्या दहातल्या एकाहून अधिक बाळांना कुठल्या तरी पदार्थाची ॲलर्जी आढळली आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी इकडच्या अनुभवावर 'आपल्यात असलं काही नसतं' असं धरून चालू नये.

मग बाळाला काय द्यायचं?

सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं की भात-वरणासोबत नीट शिजवलेलं अंडं आणि शेंगदाण्याचं बारीक कूट पेजेत पातळ करून देता येतं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधीच त्रास झाला असेल, तर नवे पदार्थ बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करावेत. आईने गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना 'खबरदारी म्हणून' काही टाळण्याची गरज नाही.

खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्या होऊन बाळ मलूल पडलं, तर आमसूल लावत किंवा सिरप देत घरी थांबू नये. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे आणि त्यासाठी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

ॲलर्जी पक्की ठरली तरी ती कायमची असेलच असं नाही. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये मोठं होताना निघून जाते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकात. ती गेली का, हे घरी चाखवून बघायचं नसतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खायला देतात आणि काही तास मुलाला थांबवून घेतात. ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करता येते.